‘पुरोगामी’ : एका इंग्रजी शब्दाचा मराठी प्रवास आणि बडोद्याची साक्ष

‘पुरोगामी’ हा शब्द आज मराठीत दोन तऱ्हांनी उच्चारला जातो. व्यासपीठावरून तो महाराष्ट्राच्या नावाआधी बिरुदासारखा लागतो, आणि रोजच्या वादावादीत तोच शब्द एखाद्याला हिणवण्यासाठी फेकला जातो. बिरुद लावणारा आणि हिणवणारा, दोघेही त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे असे धरून चालतात. आमच्या मते तो अर्थ पुन्हा एकदा तपासून पाहण्याजोगा आहे. ज्या इंग्रजी ‘प्रोग्रेसिव्ह’ शब्दासाठी आपण हा शब्द योजला, त्याच्या पोटात एक गोष्ट होती; ती आपल्या शब्दात उतरली नाही. ती गोष्ट कोणती आणि ती सुटल्याने काय बिघडते, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

शब्दाची परीक्षा कोशात अर्धीच होते. उरलेली अर्धी होते ती जेथे तो शब्द माणसांच्या जगण्यावर चालवून पाहिला गेला, अशा एखाद्या ठिकाणी. त्यासाठी आम्ही बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा, निवडले आहे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यकारभाराला 1881 ते 1939 या काळात ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण जितक्या वेळा लागले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या हिंदी संस्थानाला लागले असेल. शिवाय हे राज्य दुभाषी. प्रजेची भाषा मुख्यतः गुजराती, राजघराण्याची मराठी, आणि वरिष्ठ पत्रव्यवहाराची इंग्रजी. एकाच व्यवहाराला दोन-तीन भाषांत नावे शोधावी लागणे म्हणजे काय, हे सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

शब्दाच्या मुळाशी पाऊल आहे

‘प्रोग्रेस’ हा शब्द लॅटिनमधून आला. ‘प्रो’ म्हणजे पुढे, आणि ‘ग्रॅदी’ म्हणजे पाऊल टाकणे, चालणे. याच क्रियापदाशी संबंधित ‘ग्रॅदुस’ हे नाम आहे. त्याचा अर्थ पाऊल किंवा पायरी. शाळेतील ‘ग्रेड’, विद्यापीठाची ‘डिग्री’ आणि ‘हळूहळू’ या अर्थाचा ‘ग्रॅज्युअल’ हे सर्व त्याच कुळातले. ‘काँग्रेस’सुद्धा याच घरातली : एकत्र पावले टाकणे, एकत्र येणे.

येथे एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे. ‘प्रोग्रेस’ आणि ‘प्रगती’ हे शब्द कानाला इतके जवळचे वाटतात की ते सख्खे भाऊ असावेत असे अनेकांना वाटते. नाते आहे, पण ते अर्धेच. ‘प्रो’ आणि ‘प्र’ ही खरोखर एकाच प्राचीन मूळाची रूपे आहेत. पुढचा भाग मात्र निराळा. ‘गती’ ही ‘गम्’ धातूपासून, म्हणजे जाण्यावरून आली; ‘ग्रेस’ पाऊल टाकण्यावरून आला. दोन्हींतला ‘ग’ सारखा असणे हा योगायोग. पाऊल टाकणे या अर्थाचा संस्कृत धातू ‘क्रम्’ हा आहे, आणि तो घेतला की लॅटिन व संस्कृत शब्दांची जोडी चांगली जमते. ‘अ‍ॅग्रेशन’ म्हणजे आक्रमण, ‘ट्रान्सग्रेशन’ म्हणजे अतिक्रमण. ‘क्रम’ हा शब्दही तेथलाच : एकामागून एक टाकलेली पावले.

इंग्रजीत ‘प्रोग्रेस’ आला तेव्हा त्याचा सुधारणेशी संबंध नव्हता. तो प्रवासाचा शब्द होता. राणी पहिली एलिझाबेथ आपल्या लवाजम्यासह राज्यात फिरत असे. त्या दौऱ्यांना ‘प्रोग्रेस’ म्हणत. आपल्याकडे ज्याला ‘मजल दरमजल’ म्हणतात, तसा हा मुक्काम करीत पुढे जाण्याचा अर्थ. 1678 साली प्रसिद्ध झालेल्या जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या ग्रंथाच्या नावातही यात्रेकरूची वाटचालच आहे. ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण सतराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजीत आढळते, आणि त्याचा पहिला अर्थ ‘पुढे सरकणारा’, ‘पायरीपायरीने वाढणारा’ इतकाच होता. हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. उत्पन्नाबरोबर ज्याचा दर चढत जातो तो कर ‘प्रोग्रेसिव्ह’. दिवसेंदिवस बळावत जाणारा आजारही वैद्यकात ‘प्रोग्रेसिव्ह’. म्हणजे पुढे जाणे चांगलेच असते, अशी हमी हा शब्द मुळात देत नव्हता.

ती हमी अठराव्या शतकातील युरोपने त्यात घातली. मानवजात अज्ञानाकडून ज्ञानाकडे सरकत आहे असा विश्वास त्या काळी दृढ झाला. फ्रान्समधील काँदोर्से याचा मानवी बुद्धीच्या प्रगतीवरील ग्रंथ 1795 साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकात या विश्वासाचे पक्ष झाले. 1889 साली लंडनच्या नव्या काउंटी कौन्सिलात ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाचा पक्ष सत्तेवर आला, आणि 1912 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी अमेरिकेत याच नावाचा पक्ष काढून अध्यक्षपदाची निवडणूक लढवली.

हिंदुस्थानात मात्र हा शब्द राज्यकर्त्यांच्या खातेवहीतून आला. 1858 नंतर हिंदुस्थानच्या ‘नैतिक व भौतिक प्रोग्रेस’चे निवेदन दरवर्षी ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवले जाई. कोणाची किती प्रगती झाली हे ठरविण्याचा अधिकार साहेबाकडे होता. एखाद्या संस्थानिकाला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणणे ही त्या परीक्षकाने दिलेली शाबासकी होती.

मराठीने या शब्दाचे काय केले

मराठीत ‘प्रोग्रेस’साठी आलेला एक फार जुना प्रतिशब्द आमच्या मते सर्वांत नेमका होता. हरि केशवजी यांनी 1841 साली बन्यनच्या त्याच ग्रंथाचे मराठी रूपांतर केले आणि त्याला नाव दिले ‘यात्रिकक्रमण’. ‘क्रमण’ या शब्दात पाऊल जसेच्या तसे उतरले आहे. पण हा शब्द त्या पुस्तकापुरताच राहिला.

त्यानंतर मराठीचा मोठा शब्द आला तो ‘सुधारणा’. 1888 साली गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या पत्राला ‘सुधारक’ असे नाव दिले. गुजरातीतही नर्मदच्या काळापासून नव्या विचाराच्या माणसाला ‘सुधारावाळा’ म्हणत. म्हणजे बडोद्याच्या दोन्ही भाषांनी एकच शब्द जवळ केला होता. ‘सुधारणे’ या क्रियापदाचा मोठा गुण असा की त्याला कर्म लागते. काय सुधारले, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. शेत सुधारले, रस्ता सुधारला, विवाहाची चाल सुधारली.

पुढे ‘प्रगती’वरून ‘प्रागतिक’ हे विशेषण आले. 1918 नंतर काँग्रेसबाहेर पडलेल्या नेमस्तांच्या लिबरल पक्षाला मराठीत ‘प्रागतिक’ म्हणत. 1936 साली लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली पुरोगामी लेखकांचे पहिले अखिल भारतीय अधिवेशन भरले. त्यांना उर्दूने ‘तरक्कीपसंद’ म्हटले. तरक्की ज्याला आवडते, तो. त्या शब्दाच्या अरबी मुळात वर चढण्याची कल्पना आहे. हिंदीने ‘प्रगतिशील’ हा शब्द घेतला. मराठीत शेवटी बाजी मारली ती ‘पुरोगामी’ने. 1978 साली महाराष्ट्रात सत्तेवर आलेली आघाडी ‘पुरोगामी लोकशाही दल’, म्हणजे ‘पुलोद’, या नावाने ओळखली गेली. 2004 साली केंद्रात आलेल्या आघाडीच्या इंग्रजी नावातील ‘प्रोग्रेसिव्ह’चे हिंदीने ‘प्रगतिशील’ केले आणि मराठी वृत्तपत्रांनी ‘पुरोगामी’.

आता ‘पुरोगामी’ शब्द उकलून पाहू. ‘पुरस्’ म्हणजे समोर, अग्रभागी. ‘गामी’ म्हणजे जाणारा. संस्कृतात हा शब्द मिरवणुकीच्या किंवा समूहाच्या पुढे चालणाऱ्यासाठी, अग्रणीसाठी येतो. ‘पुरस्कार’ म्हणजे पुढे करणे. ‘पुरोहित’ म्हणजे पुढे ठेवलेला, पुढे नेमलेला. पुरोहिताच्या अधिकाराविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसांना आपण जो शब्द लावतो, त्याचे पहिले पद पुरोहिताशी सामायिक आहे, ही भाषेची एक गंमत. पण मुद्दा गमतीपलीकडचा आहे. ‘प्रोग्रेसिव्ह’ शब्द पावलाविषयी बोलतो. ‘पुरोगामी’ शब्द जागेविषयी बोलतो. पहिल्याला विचारता येते की किती पायऱ्या चढलात. दुसरा एवढेच सांगतो की मी पुढे आहे. आणि जो पुढे आहे त्याच्यामागे कोणी येत आहे की नाही, हे त्या शब्दातून कळत नाही.

बडोद्याची पावले

सयाजीरावांना 1881 च्या डिसेंबरात राज्याधिकार मिळाले, तेव्हा त्यांचे वय अठरा होते. त्यांच्या कारभाराचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण. ते काम ज्या पद्धतीने झाले, ती या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. 1893 साली ही सक्ती साऱ्या राज्याला एकदम लागू केली गेली नाही. काठेवाडातील अमरेली आणि तिच्या आसपासची काही गावे निवडण्यात आली. शिक्षक किती लागतात, इमारती कोठे मिळतात, शेतीच्या हंगामात मुले येतात का, मुलींना धाडण्यास घरे तयार होतात का, हे तेथे पाहिले गेले. मग तेरा वर्षांनी, 1906 साली, तो कायदा सर्व राज्याला लागू झाला. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. ब्रिटिश सरकारने ते विधेयक मंजूर होऊ दिले नाही. प्रगतीचा हिशेब ठेवणारे सरकार एक पायरी मागे, आणि ज्याला ते शाबासकी देई ते संस्थान एक पायरी पुढे, असे चित्र त्या दिवसांत सर्वांना दिसले. पुढे 1917 साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच पाऊल टाकले.

ग्रंथालयांचेही तसेच. सयाजीरावांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली, आणि 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावोगावी फिरणाऱ्या पुस्तकपेट्यांपर्यंत एक साखळी उभी राहिली. साक्षर झालेले मूल शाळा सुटल्यावर वाचणे विसरू नये, यासाठी ही पुढची पायरी होती.

भाषेच्या बाबतीतही हेच धोरण दिसते. कारभार लोकांच्या भाषेत चालायचा तर इंग्रजी पारिभाषिक शब्दांना देशी प्रतिशब्द हवेत. त्यासाठी 1931 साली बडोदे सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध केला. इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय त्यात ओळीने मांडलेले आहेत. एका मध्यम आकाराच्या संस्थानाने राज्यकारभाराचा शब्द सात देशी भाषांत शोधावा, याचे महत्त्व ज्यांना सरकारी कागद परक्या भाषेत वाचावा लागतो त्यांना अधिक कळेल.

साहेबाची शाबासकी मात्र अटीवर होती. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला अपेक्षित रीतीने मुजरा न करता, एकदा वाकून पाठ फिरवली, असा ठपका आला आणि इंग्लंडच्या वृत्तपत्रांत त्यांच्यावर आग पाखडली गेली. सयाजीरावांना खुलासा करावा लागला. कालपर्यंतचा ‘प्रोग्रेसिव्ह’ राजा एका दिवसात संशयित ठरला. दुसऱ्याने दिलेले बिरुद दुसरा केव्हाही काढून घेऊ शकतो, हे त्यातून उमगते.

सप्टेंबर 1917

येथवरचा इतिहास बडोद्याच्या गौरवाचा आहे. पण शब्दाची खरी कसोटी याच गावात, निराळ्या प्रसंगी लागली.

1913 साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या काळी एका अस्पृश्य मानलेल्या तरुणाला राज्याच्या पैशाने परदेशी उच्च शिक्षणास धाडणे हे फार मोठे पाऊल होते. 1917 साली करार पाळण्यासाठी ते बडोद्यास आले, आणि त्यांना राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची नेमणूक होती. राज्याचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी धर्मशाळेत आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जाण्याचा दम देऊन गेले. गावात दोन मित्र होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण पुढे केली. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढला. हा सारा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवला आहे. ज्या जागी ते बसले होते ती आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगावरून सयाजीरावांचे श्रेय पुसणे अन्यायाचे होईल. अस्पृश्यांच्या शाळा त्यांच्या राज्यात 1880 च्या दशकापासून होत्या. पण राजा पुढे गेला असताना कचेरीतला अर्ज आणि गावातले दार जागच्या जागी राहिले, हेही तितकेच खरे. 1904 साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा बडोद्यात झाला, तेव्हाही दंड भरून लग्ने उरकणारे पुष्कळ निघालेच. शाळेच्या बाबतीत अमरेलीपासून पायऱ्या बांधल्या गेल्या होत्या. शिष्यवृत्ती आणि राहते घर यांच्या मधली पायरी मात्र कोणी बांधली नव्हती. ‘पुरोगामी’ या शब्दाच्या अर्थाने 1917 चे बडोदे निःसंशय पुरोगामी होते, कारण ते इतरांच्या पुढे होते. ‘प्रोग्रेसिव्ह’ शब्दाच्या मूळ अर्थाने विचारले, पाऊल कोठे पडले आणि कोठे पडले नाही असे विचारले, तर उत्तर इतके सरळ येत नाही. कमाठीबागेत काढलेले ते काही तास या दोन शब्दांमधले अंतर आहेत.

मग शब्द टाकून द्यावा काय?

मुळीच नाही. रूढ झालेला शब्द व्युत्पत्तीच्या आधारे बाद ठरवणे हा भाषाशास्त्राचा धर्म नव्हे. ‘पुरोगामी’ मराठीत रुजला आहे आणि तो राहील. बडोद्याने मराठी साहित्य संमेलन 1909, 1921, 1934 आणि 2018 असे चार वेळा भरवले. तेथील मराठी माणसाला आपल्या भाषेतील शब्दांची परंपरा परकी नाही, आणि आपल्यालाही नसावी. आमचे म्हणणे एवढेच की हा शब्द वापरताना ‘सुधारणा’ शब्दाचा जुना नियम त्याला लावावा : कर्म सांगावे. एखादी संस्था, सरकार, शहर किंवा आम्ही स्वतः पुरोगामी म्हणवून घेऊ लागलो, तर शाळा कोणत्या गावापासून सुरू केली, अर्ज कोणत्या मेजावर थांबला, भाड्याचे घर कोणाला नाकारले जाते, हे विचारावे. याच प्रश्नांनी हिणवणाऱ्यालाही उत्तर मिळते, कारण टाकलेले पाऊल दाखवता येते आणि त्याची टर उडवणे कठीण असते.

शेवटी व्याकरणातील एक दाखला. ‘तो जात आहे’ या प्रकारच्या क्रियापदाच्या रूपाला इंग्रजी व्याकरण ‘प्रोग्रेसिव्ह’ असे नाव देते. आपले मराठी व्याकरण त्याच रूपाला ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ म्हणते. त्या ‘प्रोग्रेसिव्ह’साठी आमच्या व्याकरणकारांनी निवडलेला हा शब्द आम्हांला फार प्रामाणिक वाटतो. पुढे जाणे म्हणजे काम अजून पुरे झालेले नसणे. बडोद्याविषयी, महाराष्ट्राविषयी आणि आमच्या सीमेवरच्या गावांविषयी बोलताना हा काळ वापरला, तर चूक होण्याचा संभव कमी.